पाणी फक्त वाहून नेतं

मे महिन्यातली दुपार. मी नागपूरला बहिणीकडे गेलो होतो. भाचा लग्नांचं चित्रीकरण करतो आणि मे म्हणजे त्याचा ऐन हंगाम. त्याच्या खोलीत दार-खिडक्या लावून एका लग्नाची फिल्म एक्स्पोर्ट होत होती. कॅबिनेटचे पंखे एवढ्या जोरात फिरत होते की आम्हाला आवाज चढवून बोलावं लागत होतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दिसत होतं, ९५ अंश. ते तिथून खाली यायला तयार नव्हतं.

"मामा, दुकानदार म्हणतो वॉटर कूलिंग बसव, बर्फासारखा गार होईल. संध्याकाळी घेऊन येतो."

मी त्याच्याकडे खोलीचं तापमान दाखवणारं थर्मामीटर मागितलं. ते टेबलावर कॅबिनेटपासून हातभर लांब ठेवलं आणि पाच मिनिटं थांबलो. ३९ अंश.

"आता सांग, तू कितीही महागडा लिक्विड कूलर आणलास, तर त्यातलं पाणी किती गार होईल?"

"पंचवीसपर्यंत?"

"एकोणचाळीसच्या खाली एक अंशसुद्धा नाही."

त्याचा विश्वास बसला नाही, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. आपल्याकडे पाणी आणि गारवा यांची जोडी फार जुनी आणि पक्की आहे. माठातलं पाणी गार लागतं, अंगणात सडा घातला की हवा निवते, खिडकीतला कूलर विदर्भाचा उन्हाळा सुसह्य करतो. पण या तिन्ही ठिकाणी गारवा येतो तो पाणी उडून जातं म्हणून. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते आसपासची साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता ओढून घेतं. माठ पाझरतो म्हणून गार राहतो. बाहेरून प्लास्टिकचा कागद गुंडाळला तर तोच माठ काही तासांत खोलीइतका कोमट होतो.

कॉम्प्युटरचा लिक्विड कूलर हा असा कागद गुंडाळलेला माठ आहे. त्याच्या बंद नळ्यांमधून काहीही उडून जात नाही. तिथलं पाणी विहिरीवरच्या रहाटासारखं काम करतं. पोहरा खाली भरतो, वर रिकामा होतो आणि पुन्हा खाली जातो. प्रोसेसरवर बसवलेल्या तांब्याच्या चकतीत पाणी उष्णता भरून घेतं, नळीतून रेडिएटरकडे जातं, रेडिएटरच्या पातळ पात्यांना ती उष्णता देतं, आणि पंखा ती खोलीच्या हवेत सोडतो. शेवटी सगळं खोलीच्या हवेतच जातं. हवा ३९ अंशांवर असेल तर पाणी त्याच्या वरच राहणार. ही एक गोष्ट मनात नीट बसली की कूलर निवडताना होणाऱ्या निम्म्याहून अधिक चुका टळतात.

मग पाणी कशासाठी? कारण वाहून नेण्यात त्याचा हात धरणारं दुसरं काही सहज मिळत नाही. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापायला ४.१८ ज्यूल लागतात, एक ग्रॅम हवेला जेमतेम एक. त्यात पाणी हवेपेक्षा आठशे पटींनी घन. म्हणजे एका वाटीभर पाण्यात मावणारी उष्णता हवेतून न्यायची तर तेवढ्याच आकाराच्या तीन हजारांवर वाट्या हवा लागेल.

एक छोटं गणित मी नेहमी करून दाखवतो. पंपातून मिनिटाला एक लिटर पाणी फिरतंय आणि प्रोसेसर २०० वॉट उष्णता देतोय, असं धरा. एका फेरीत पाणी किती तापेल? तीन अंशांच्याही आत. म्हणजे संपूर्ण साखळीत पाण्याचं तापमान सगळीकडे जवळपास सारखंच असतं. म्हणून "आमचा पंप जास्त वेगाने पाणी फिरवतो" या जाहिरातीला फार महत्त्व देऊ नये. प्रवाह एका मर्यादेपलीकडे वाढवून पदरात एखाददुसराच अंश पडतो. पाणी किती वेगाने पळतं यापेक्षा ते ओझं उतरवतं कुठे आणि तिथे जागा किती, यावर सगळं ठरतं.

हे ओझं उचललं जातं ती जागा मात्र फार चिंचोळी असते. भाच्याच्या यंत्रात रायझन ९ ७९५०एक्स हा प्रोसेसर होता. कागदोपत्री त्याची क्षमता १७० वॉटची, पण पूर्ण जोरात तो २३० वॉटपर्यंत वीज घेतो. त्यातली बरीचशी उष्णता निघते ती सिलिकॉनच्या दोन चकत्यांमधून, आणि त्या दोन्ही मिळून दीडशे चौरस मिलिमीटरच्याही आत भरतात. कपड्यांची इस्त्री हजार वॉटची असली तरी तिचा तवा तळहाताहून मोठा असतो. इथे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून दर चौरस सेंटिमीटरला इस्त्रीच्या कित्येक पट उष्णता बाहेर यायची असते. ती आधी धातूच्या टोपणातून, मग थर्मल पेस्टच्या थरातून, मग तांब्याच्या चकतीतून पाण्यापर्यंत पोचते. या अरुंद बोळातली गर्दी पुढचा रेडिएटर कितीही मोठा केला तरी कमी होत नाही. दोन पंख्यांचा २४० चा रेडिएटर काढून तीन पंख्यांचा ३६० चा बसवल्यावर तापमान अपेक्षेएवढं उतरत नाही, त्याचं कारण हे.

आणखी एक गोष्ट भाच्याला सांगितली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा ताण बराच ओसरला. या प्रोसेसरच्या बाबतीत ९५ अंश ही धोक्याची घंटा नव्हे. एएमडीने त्याची रचनाच अशी केली आहे की जड काम आलं की ९५ अंश किंवा २३० वॉट, यांपैकी जे आधी येईल तिथपर्यंत तो वेग वाढवत नेतो आणि तिथे स्वतःला आवरतो. चांगला कूलर बसवला तर वॉटची मर्यादा येईपर्यंत तो त्याच तापमानाला थोडं जास्त काम करतो. त्यामुळे "तापमान किती?" या प्रश्नाबरोबरच "काम किती वेळात झालं?" आणि "आवाज किती झाला?" हेही विचारायला हवं.

पाण्याने यंत्र निववण्याची कल्पना काही घरगुती हौशींची नव्हे. १९६० च्या दशकात आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ९१ या महाकाय संगणकाला पाण्याचे नळ जोडलेले होते. १९८५ चा क्रे-२ हा महासंगणक तर वीज न वाहणाऱ्या एका खास द्रवात आख्खा बुडवलेला असे. घरी हे वेड शिरलं ते शतक बदलण्याच्या सुमारास. युरोप-अमेरिकेतली मुलं मोटारीच्या हीटरमधला छोटा रेडिएटर भंगारातून आणायची, त्याला माशांच्या टाकीचा पंप जोडायची आणि तांब्याचा ठोकळा घरीच कोरायची. २००४ मध्ये ॲपलने पॉवर मॅक जी५ च्या वेगवान आवृत्तीत द्रवशीतन आणलं. मग २००९ मध्ये कोर्सेअरचा एच५० आला, जो डेन्मार्कच्या एसेटेक कंपनीने बनवला होता. पंप, चकती, नळ्या, रेडिएटर सगळं कारखान्यातच भरून, बंद करून हातात. यालाच आज एआयओ म्हणतात, आणि दुकानात "लिक्विड कूलर" म्हणून मागितला की हाच पुढे येतो. मोठ्या यंत्रांनी पाणी सोडलेलं नाही. पुण्यात पाषाणला आयसर संस्थेत असलेला परम ब्रह्म हा महासंगणकही थेट प्रोसेसरपर्यंत आणलेल्या द्रवानेच निवतो.

पण पाण्याच्या बाजूने एवढं सांगितल्यावर हवेच्या कूलरचीही बाजू मांडायला हवी, कारण त्याच्यावर नेहमी अन्याय होतो. त्या चकचकीत पात्यांच्या गठ्ठ्यातून ज्या तांब्याच्या नळ्या वर जातात, त्या भरीव नसतात. त्यांना हीट पाइप म्हणतात. आत अगदी कमी दाबाखाली थोडंसं पाणी असतं. प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते, ती वर पळते, पात्यांना उष्णता देऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या बारीक जाळीतून दिव्यातल्या वातीसारखी खाली झिरपते. म्हणजे हवेचा कूलर म्हणून जो विकला जातो त्यातही पाणीच राबत असतं, आणि तेही पंपाशिवाय! पंप नाही म्हणजे बिघडण्यासारखा भाग फक्त पंखा, आणि पंखा काही शे रुपयांत बदलता येतो. दोन गठ्ठ्यांचा आणि सहा-सात नळ्यांचा मोठा हवेचा कूलर आजच्या बहुतेक घरगुती प्रोसेसरांना पुरून उरतो.

म्हणून निवडीची सुरुवात वॉटमोजणीपासून करावी. ऑफिसचं काम, अभ्यास, ब्राउझिंग आणि ६५ वॉटचा प्रोसेसर असेल तर पाण्याचा विचारही करू नये, त्या पैशांत रॅम वाढवावी. १२० वॉटच्या आसपासच्या प्रोसेसरला चांगला मोठा हवेचा कूलर पुरतो. २०० वॉटच्या वर, आणि तेही तासन् तास, अशी वेळ आली की पाण्याला खरा अर्थ येतो. कोअर आय९-१४९००के पूर्ण जोरात २५३ वॉटपर्यंत जातो. अशा प्रोसेसरवर रोज व्हिडिओ किंवा थ्रीडीचं काम असेल तर ३६० चा एआयओ चैनीची वस्तू ठरत नाही.

गेम खेळणाऱ्या मुलांच्या पालकांना मात्र वेगळं सांगावं लागतं. गेममध्ये प्रोसेसर सहसा पूर्ण ताकदीने राबत नाही, राबतं ते ग्राफिक्स कार्ड. आरटीएक्स ४०७० घेतं २०० वॉट, ४०९० तर ४५०. प्रोसेसरवर महागडा लिक्विड कूलर आणि कॅबिनेटच्या तोंडावर बंद काच, अशी यंत्रं मी पुष्कळ पाहिली आहेत. आतलं कार्ड स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत असतं. तिथे आधी जाळीच्या तोंडाचं कॅबिनेट घ्यावं आणि समोर दोन चांगले पंखे लावावेत.

खोलीचं तापमान हे वॉटइतकंच महत्त्वाचं. कूलरच्या परीक्षणांतले आकडे साधारण वीस-बावीस अंशांच्या खोलीत घेतलेले असतात. समजा एखादा कूलर तुमच्या प्रोसेसरला खोलीपेक्षा ५५ अंश वर रोखून धरतो. बावीसच्या खोलीत ते झाले ७७, वाचायला छान. चाळीसच्या खोलीत तेच ९५. कूलर बदललेला नाही, त्याची कामगिरीही घसरलेली नाही. महाबळेश्वरच्या घरी जो पुरेसा, तोच चंद्रपूरला तोकडा पडतो. म्हणून परीक्षण वाचताना "खोलीपेक्षा किती वर" हा आकडा शोधावा, आणि चाचणी किती वेळ चालवली तेही पाहावं. एआयओमधलं पाणी हळूहळू तापतं. पहिल्या पाच मिनिटांत ते उष्णता स्वतःत साठवत असतं, त्यामुळे आकडे सुंदर दिसतात. खरं काय ते अर्ध्या तासाने कळतं.

यानंतर टेप हातात घ्यावा. रेडिएटरचे आकार पंख्यांवरून ठरतात. १२० मिलिमीटरचे दोन पंखे म्हणजे २४०, तीन म्हणजे ३६०. १४० चे दोन म्हणजे २८०, तीन म्हणजे ४२०. २८० चा पृष्ठभाग ३६० च्या फार मागे नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ३६० मावत नसेल आणि कॅबिनेट १४० चे पंखे घेत असेल, तर २८० हा फार समजूतदार पर्याय आहे. १२० चा एकेरी एआयओ मात्र फारच लहान कॅबिनेट असल्याशिवाय घेऊ नये. त्याच पैशांतला हवेचा कूलर त्याच्यापेक्षा चांगला निघतो.

भाच्याच्या कॅबिनेटवर "वर ३६० बसतो" असं लिहिलेलं होतं. आम्ही काच उघडली आणि मोजपट्टी लावली. छतापासून मदरबोर्डच्या वरच्या कडेवरच्या हीटसिंकपर्यंत ५५ मिलिमीटर. नेहमीचा रेडिएटर २७ मिलिमीटर जाड, पंखा २५, बेरीज ५२. बसतो, वर तीन मिलिमीटर शिल्लक. पण बाजारात ३८ मिलिमीटरचे जाड रेडिएटरही आहेत. ते पंख्यासह ६३ होतात, आणि आठ मिलिमीटरसाठी सगळा खटाटोप वाया. कॅबिनेटवरची ओळ खोटी नव्हती, पण अपुरी होती. हवेच्या कूलरलाही हाच न्याय लागतो. नॉक्टुआच्या एनएच-डी१५ ची उंची १६५ मिलिमीटर आहे, आणि कितीतरी कॅबिनेटांची काच त्याच्या आधीच लागते. सोबत सॉकेटही जुळलं पाहिजे. एएम५ असो की एलजीए १७००, त्याची पकड डब्यात आहे का हे दुकानातच पाहावं.

बसवताना एक नियम कधी मोडू नये. पंप हा साखळीतला सर्वात उंच भाग होता कामा नये. एआयओ कितीही बंद असला तरी नळ्यांच्या भिंतींतून वर्षानुवर्षं पाण्याचा अंश बाहेर झिरपत राहतो आणि आत थोडी हवा जमते. हवा नेहमी वर जाते. वर रेडिएटर असेल तर ती तिथे निमूट बसते. रेडिएटर खाली लावला तर ती पंपात शिरते, मग यंत्रातून हुक्क्यासारखा गुळगुळ आवाज येतो आणि पंपाचं आयुष्य घटतं. रेडिएटर छताला लावणं सर्वात निर्धोक. समोर लावला तर त्याला खोलीची ताजी हवा मिळते, पण तीच तापलेली हवा मग ग्राफिक्स कार्डाला घ्यावी लागते. शिवाय समोरचा रेडिएटर धूळ फार खातो. पात्यांमधल्या फटी बारीक असतात, आपल्याकडची धूळ सहा महिन्यांत तिथे नमद्यासारखा थर करते. ब्लोअरने ती उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. आणि चकती बसवण्याआधी तिच्यावरचा पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा काढला का, हे दोनदा पाहावं. तो तसाच ठेवून बसवलेले कूलर मी स्वतः उघडले आहेत.

स्वतःच्या हाताने पंप, टाकी, नळ्या, जोड असं सगळं निवडून उभारायचं ते कस्टम लूप. हे काम मला मनापासून आवडतं, आणि म्हणूनच ते कोणालाही सहज करा म्हणून सांगत नाही. माझ्या पहिल्या लूपमध्ये चकती तांब्याची होती आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा, कारण तो स्वस्त मिळाला. आठ महिन्यांनी पाण्याला दुधी रंग आला. उघडून पाहिलं तर ॲल्युमिनियम खाल्लं गेलं होतं आणि त्याचा पांढरा चिकट गाळ तांब्याच्या केसाएवढ्या खाचांत अडकला होता. दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी म्हणजे एक लहानशी बॅटरीच. त्यात दुबळा धातू झिजत जातो. तयार एआयओमध्येही तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र असतं, पण तिथे कारखान्यात गंजरोधक घातलेला द्रव भरून सीलबंद केलेला असतो. आपण उभारताना मात्र तांबं, पितळ आणि निकेलचा मुलामा यांच्या बाहेर जाऊ नये.

पाणी कोणतं, हा प्रश्नही इथेच येतो. बोअरचं किंवा नळाचं तर नाहीच, आरओचंही नाही. त्यातही क्षार उरतात. एकतर कूलंट म्हणून मिळणारा तयार द्रव घ्यावा, नाहीतर डिस्टिल्ड वॉटरमध्ये गंजरोधक आणि शेवाळरोधक घालावं. रंगीत, विशेषतः दुधी रंगाचे द्रव फोटोत सुरेख दिसतात, पण त्यातला रंग कालांतराने खाली बसतो. वर्षातून एकदा सगळं रिकामं करून धुवायची तयारी असेल तरच या वाटेला जावं. आणि पहिल्यांदा भरताना मदरबोर्डला वीज न देता फक्त पंप चालवावा, प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपरची घडी ठेवावी आणि रात्रभर तसंच राहू द्यावं. सकाळी प्रत्येक घडी बोटांनी दाबून पाहावी. डिस्टिल्ड पाणी वीज वाहून नेत नाही, या भरवशावर कोणी राहू नये. मदरबोर्डवर पडताच ते तिथली धूळ आणि क्षार घेतं आणि वीज वाहू लागतं.

गळतीची भीती लोकांना फार वाटते. चांगल्या एआयओमध्ये ती क्वचित होते. त्यापेक्षा पंप थकणं जास्त संभवतं. पंप बंद पडला तर प्रोसेसर जळत नाही, तो आधी वेग कमी करतो आणि नाहीच जमलं तर यंत्र बंद करतो. पण त्या दिवशीचं काम अडतं. एआयओची वॉरंटी बहुधा तीन ते सहा वर्षांची असते. गळतीने इतर भाग खराब झाले तर त्याची भरपाई मिळते का, ही ओळ वॉरंटीच्या कागदात शोधून वाचावी आणि मगच पैसे द्यावेत.

कूलरचं दुकान उघडायला अजून दोन तास होते. आम्ही बायोसमध्ये जाऊन इको मोड चालू केला, १७० वॉटचा प्रोसेसर १०५ वॉटवर आणला. तीच फिल्म पुन्हा लावली. चाळीस मिनिटांचं काम त्रेचाळीस मिनिटांत झालं, तापमान ८२ वर थांबलं आणि पंख्यांचा आवाज एवढा उतरला की स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली. फुकटात. भाचा म्हणाला, "मग कूलर नको?" मी म्हणालो, तू दिवसाला सहा-सहा तास एक्स्पोर्ट करतोस, तुझा आत्ताचा कूलर एकाच गठ्ठ्याचा आणि या प्रोसेसरसाठी लहान आहे. तुला घ्यायलाच हवा. फक्त २७ मिलिमीटरचा घे.

रात्री नऊपर्यंत ३६० चा रेडिएटर छताला लागला. इको मोड काढला, पूर्ण २३० वॉट. तापमान ८८, आवाज सहन होण्याजोगा. भाचा खूश. मी त्याला कॅबिनेटच्या वरच्या जाळीवर हात धरायला सांगितला. चुलीवरच्या तव्याची धग यावी तशी हवा येत होती. मग टेबलावरचं थर्मामीटर दाखवलं. बाहेर सूर्य मावळून दोन तास झाले होते, आणि बंद खोलीत ४१ अंश झाले होते.

"ही उष्णता आता इथेच आहे," मी म्हणालो. "पाण्याने तिला प्रोसेसरपासून खोलीत आणलं. पुढे?"

तो थोडा वेळ त्या काट्याकडे बघत राहिला. घरातला कूलर हॉलच्या खिडकीत होता. वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून पाणी उडवत तो हॉल तिसाच्या आसपास ठेवत होता, आणि एडिटिंगच्या खोलीत आवाज नको म्हणून मधलं दार लावलेलं होतं. भाच्याने दार उघडलं, हॉलमधून गार, दमट हवेची झुळूक आत आली. तो हेडफोन शोधू लागला, आणि मग टेप घेऊन आपल्या खोलीच्या खिडकीची रुंदी मोजायला लागला.